लिओनार्दोचा रणगाडा आणि सोऱ्याचा हिशेब

लिओनार्दो दा विंचीच्या यंत्रांची प्रदर्शनं जगभर फिरत असतात आणि त्यात सगळ्यात जास्त गर्दी असते ती त्याच्या रणगाड्यापाशी. कासवाच्या पाठीसारखं लाकडी छत, भोवताली तोफांची तोंडं, आत दांडे फिरवणारी आठ माणसं. हा माणूस काळाच्या किती शतकं पुढे होता, असं कौतुक तिथे हमखास कानावर पडतं. मूळ चित्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, साधारण १४८५ ते १४८७ च्या दरम्यानचं. ते जरा निरखून पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. दांडे आणि दातेरी चाकं त्यात ज्या रीतीने जोडली आहेत, त्या रीतीने पुढची चाकं एका दिशेला फिरतील आणि मागची नेमकी उलट दिशेला. गाडा जागचा हलणार नाही.

यावर एक गोड कथा तयार झाली आहे. लिओनार्दो मनाने शांततावादी होता, चित्र भलत्याच्या हाती पडलं तर अनर्थ होऊ नये म्हणून त्याने चूक मुद्दाम ठेवली. याला पुरावा काही नाही. घाईत काढलेल्या कच्च्या आकृतीत होते तशी ती चूक असण्याचीच शक्यता जास्त. पण कथा मरत नाही, कारण ती आपल्याला हवी असते. विध्वंसाचं यंत्र बनवणाऱ्याच्या काळजात कुठेतरी एक कळ असते आणि ऐनवेळी तो ती दाबतो, या कल्पनेने आपल्याला झोप लागते. आज स्वयंचलित शस्त्रांवर, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चर्चा निघाली की तीही फिरून फिरून इथेच येते : संशोधकांनी जबाबदारीने वागलं पाहिजे. वागावं की, कोण नको म्हणतंय? पण लगाम म्हणून त्या जबाबदारीचा आजवर किती उपयोग झाला, हे तपासायला युरोपातल्या प्रबोधनकाळाइतका चांगला काळ नाही. तेव्हाच्या शस्त्रकारांना सद्सद्विवेक होता. तो पुरला नाही, आणि का पुरला नाही हे समजून घेणं आज आपल्या कामाचं आहे.

आधी लिओनार्दोच्याच घरचं पाहू. साधारण १४८२ मध्ये मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्याकडे नोकरी मागण्यासाठी केलेला पत्राचा मसुदा उपलब्ध आहे. दहा कलमं. पहिली नऊ युद्धाची : हलके पूल, खंदकातलं पाणी काढणं, सुरुंग, तोफा, झाकलेले रथ, जहाजं. शांततेच्या काळात आपण इमारती, कालवे, पुतळे आणि चित्रंही करू शकतो, हे दहाव्या कलमात, जाता जाता. पुढे १५०२ मध्ये तो चेझारे बोर्जासारख्या क्रूरपणासाठी बदनाम सेनानीचा लष्करी अभियंता झाला आणि इमोला शहराचा वरून पाहिल्यासारखा अप्रतिम नकाशा त्याने काढला. त्यानंतर दोनेक वर्षांत फ्लॉरेन्सने पिसा शहराचं पाणी तोडण्यासाठी आर्नो नदी वळवायचा घाट घातला. त्यात फ्लॉरेन्सचा मुत्सद्दी मॅकियाव्हेली होता आणि लिओनार्दोही. बेत फसला, पण पाण्यावाचून शहर मारायचं या कल्पनेने दोघांपैकी कोणाचीही झोप उडाल्याचं दिसत नाही. मी त्याला दोष देत नाही. त्या काळी कलावंताची चूल दरबाराच्या लाकडांवर पेटायची. फक्त त्याला संत बनवू नये.

एका ठिकाणी मात्र तो थबकला, हे खरं. आज ‘कोडेक्स लेस्टर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वहीत तो लिहितो की पाण्याखाली बराच वेळ राहण्याची आपली युक्ती आपण सांगणार नाही, कारण माणसं दुष्ट आहेत, ती समुद्रतळाशी जाऊन जहाजांचे तळ फोडतील आणि आतल्या माणसांसकट ती बुडवतील. हीच वही १९९४ मध्ये बिल गेट्सनी तीन कोटी डॉलरहून जास्त किमतीला घेतली. हा उतारा भाषणांत फार वापरतात. पण त्या मौनाचा परिणाम काय झाला? काहीच नाही. १६२० च्या सुमारास कॉर्नेलिस ड्रेबेल नावाच्या डच माणसाने लंडनच्या थेम्स नदीत वल्ह्यांची पाणबुडी चालवली. लिओनार्दोची वही त्याला लागली नाही.

लिओनार्दोच्या कागदांवर चोवीस मीटर रुंदीचं अजस्र धनुष्य आहे, विळे लावलेले रथ आहेत, अनेक नळ्यांच्या तोफा आहेत. यातलं काहीही रणांगणात उतरलं नाही. खरं संकट १४९४ मध्ये आल्प्स ओलांडून आलं आणि ते दिसायला अगदीच साधं होतं.

तोवर इटलीतली मोठी तोफ म्हणजे बैलांच्या जोड्या लावून कशीबशी ओढत आणायची, दगडी गोळा भरायचा, उडवायचा आणि पुढच्या बारासाठी ताटकळत बसायचं. फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स ज्या तोफा घेऊन आला त्या आटोपशीर होत्या, काशाच्या होत्या, आणि सैन्याबरोबर घोड्यांच्या चालीने येत होत्या. गोळे लोखंडाचे. नळीच्या दोन्ही अंगांना नळीबरोबरच ओतलेले आडवे खुंट होते. त्या खुंटांवर नळी गाड्यावर तोललेली राहते, त्यामुळे एकटा-दुकटा माणूसही तिचं तोंड वरखाली करू शकतो, आणि बार उडाल्यावर बसणारा धक्का खुंटांतून गाड्यावर आणि गाड्याच्या शेपटातून जमिनीवर जातो. बस, एवढंच. कोणत्याही प्रदर्शनात या खुंटापुढे कोणी सेल्फी काढणार नाही. पण ग्विच्चार्दिनी हा समकालीन इतिहासकार लिहितो की इटलीत ज्याला दिवसच्या दिवस लागत ते या तोफा काही तासांत करत. नेपल्सच्या सीमेवरचा मोंते सान जोव्हान्नी हा नावाजलेला किल्ला १४९५ च्या सुरुवातीला असाच काही तासांत पडला आणि आतल्या लोकांची कत्तल झाली.

त्याच १४९४ मध्ये मिलानला एक व्यवहार झाला. लुदोविकोच्या वडिलांचा भव्य अश्वारूढ पुतळा ओतण्यासाठी सुमारे सत्तर टन कांसं बाजूला काढून ठेवलं होतं. लिओनार्दोने कित्येक वर्षं खपून घोड्याची मातीची प्रतिकृती उभी केली होती. फ्रेंच आले म्हणताच लुदोविकोने ते कांसं आपल्या सासऱ्याला, फेरारातल्या एर्कोले द’एस्तेला, तोफा ओतायला पाठवून दिलं. घोड्याबद्दल मी काही म्हणत नाही, दिवस कसे आहेत ते मला ठाऊक आहे, अशा अर्थाची ओळ लिओनार्दोच्या एका पत्रात आहे. १४९९ मध्ये फ्रेंच तिरंदाजांनी मातीच्या घोड्यावरही नेमबाजीचा सराव करून तो संपवला. या सगळ्या प्रकरणात शोधकाला कोणी काही विचारलंच नाही. निर्णय धातूचा होता, आणि धातू ज्याच्या ताब्यात होता त्याचा होता.

आता निकोलो तार्तालिया. या विषयात मला सगळ्यात जवळचा वाटणारा माणूस हाच, आणि सगळ्यात अस्वस्थ करणाराही. फेब्रुवारी १५१२ मध्ये फ्रेंच सैन्याने ब्रेशा शहर लुटलं. हा तेव्हा बारा वर्षांच्या आसपासचा, बाप आधीच मारला गेलेला, आईबरोबर देवळात आसऱ्याला गेलेला. शिपाई देवळात शिरले. पोराच्या डोक्यावर तीन आणि तोंडावर दोन वार झाले. जबडा आणि टाळू दुभंगली. वैद्याला द्यायला पैसे नव्हते. कुत्री आपली जखम चाटून बरी करतात एवढं आईला माहीत होतं, म्हणून ती जखमा नुसत्या स्वच्छ ठेवत राहिली. पोरगं जगलं, पण जीभ अडखळायला लागली. इतर पोरांनी ‘तोतरा’ म्हणून चिडवायला सुरुवात केली, आणि तेच नाव त्याने जन्मभर लावलं. तार्तालिया म्हणजे तोतरा. मोठेपणी व्रण झाकायला त्याने दाढी राखली.

हाच पोरगा पुढे गणिती झाला. वेरोनात १५३१ मध्ये त्याच्या ओळखीच्या एका गोलंदाजाने त्याला विचारलं, तोफेचं तोंड किती वर उचललं तर गोळा सगळ्यात लांब जाईल? तार्तालियाने विचार करून सांगितलं, पंचेचाळीस अंश. गोलंदाजांत त्यावर पैज लागली, चाचणी झाली आणि हा जिंकला. मग तो या अभ्यासात बुडाला. आणि एके दिवशी त्याला शरम वाटली. शेजाऱ्याचं, तेही ख्रिस्ती शेजाऱ्याचं, वाटोळं करण्याची विद्या आपण बारीक करत बसलोय, ही निंद्य, रानटी गोष्ट आहे, देवाच्या शिक्षेला पात्र आहे, असं म्हणून त्याने आपले कागद जाळून टाकले.

इथे गोष्ट संपली असती तर तो आपल्या सगळ्या भाषणांतला आदर्श ठरला असता. पण हे सगळं आपल्याला कळतं ते त्याच्याच १५३७ च्या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेतून. ‘नोव्हा स्किएंतिया’ हे ते पुस्तक, विषय तोफगोळ्याचा मार्ग, अर्पण उर्बिनोच्या सरदाराला. कारणही त्याने दिलंय. तुर्की सुलतान सुलेमान चालून येतोय, लांडगा कळपावर झडप घालायला टपलाय, अशा वेळी ही विद्या लपवून ठेवणं बरं नव्हे. आणि धोका खोटा नव्हता. त्याच वर्षी तुर्कांनी व्हेनिसच्या ताब्यातल्या कॉर्फूला वेढा घातला होता. लहानपणी देवळात वार खाल्लेल्या माणसाने असा विचार केला तर त्याला नावं ठेवायला माझी जीभ धजावत नाही.

तरी तीन गोष्टी बोचतात. पुस्तक छापलेलं होतं. कळपासाठी म्हणून छापलं तरी लांडग्याला विकत घेता येत होतं. दुसरं, नऊ वर्षांनी, १५४६ मध्ये, त्याने आपलं पुढचं पुस्तक अर्पण केलं इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला, म्हणजे पोपने बहिष्कृत केलेल्या राजाला. कळपाची व्याख्या गरजेप्रमाणे सैल होत गेली.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्या विद्येसाठी तो तळमळला, त्या विद्येने त्या शतकात फारसं कोणी मेलं नाही. त्या काळच्या नळ्या ओबडधोबड, गोळे सैल, दारूची प्रत रोज वेगळी. गोलंदाज जवळ जाऊन सरळ समोर बार टाकत. गणिताचा प्रत्यक्ष तोफखान्याला खरा उपयोग व्हायला अठरावं शतक उजाडलं. एवढ्या प्रामाणिक माणसाचं मन खाल्लं ते चुकीच्या दारापाशी.

बरोबर दार कोणतं होतं? १५४० मध्ये व्हेनिसला सिएनाच्या व्हान्नोच्चो बिरिंगुच्चोचं ‘पिरोतेक्निया’ निघालं, तो वारल्यानंतर. धातुकामावरचं हे पहिलं मोठं छापील पुस्तक, लॅटिनमध्ये नाही तर कारागिराला कळेल अशा इटालियनमध्ये, लाकडी ठशांच्या चित्रांसकट. तोफेचा साचा कसा करायचा, नळी आतून कशी कोरायची, सोरा कसा शुद्ध करायचा, दारू कशी कुटायची, सगळं क्रमवार. घंटा ओतायची रीतही त्यातच. १५५६ मध्ये त्याचं फ्रेंच भाषांतर झालं. तळमळ नाही, जाळपोळ नाही, अर्पणपत्रिकेत अश्रू नाहीत. शहरं पाडायला लागणारं ज्ञान इथे होतं, रोजच्या कामाच्या भाषेत.

त्यातही सोरा. तोफेच्या दारूत कोळसा आणि गंधक थोडं, बाकी सगळा सोरा. तो मिळायचा जुन्या गोठ्यांच्या, तबेल्यांच्या, कबुतरखान्यांच्या मातीतून : माती पाण्यात झिरपवायची, राखेचं पाणी घालायचं, आटवायचं, स्फटिक काढायचे. राजांना या मातीची किंमत बरोबर कळली होती. इंग्लंडात राजाची सोरेवाली माणसं परवाना दाखवून लोकांच्या तबेल्यांची जमीन खणून न्यायची आणि पार्लमेंटात त्यावर तक्रारींचा पाऊस पडायचा. १६२६ मध्ये पहिल्या चार्ल्सने प्रजेला माणसांचं आणि जनावरांचं मूत्र साठवून ठेवण्याचं फर्मान काढलं. ही ओढाताण संपली ती बिहारच्या सोऱ्यामुळे. डच आणि इंग्रज कंपन्यांनी सतराव्या शतकात पाटण्याहून तो जहाजं भरभरून नेला. नोनिया जातीच्या माणसांनी बिहारमध्ये खरवडलेली माती युरोपातल्या लढायांत उडत होती.

म्हणजे हिशेब तेव्हाही ठेवला जात होता. माती किती, कांसं किती, गोळे किती, कोण कोणाला विकतो, याची वही प्रत्येक दरबारात होती. फक्त ती प्रजेला कधी दाखवली गेली नाही. प्रजेसाठी होती बंदीची फर्मानं. ११३९ मध्ये रोमच्या लॅटरन धर्मपरिषदेने धनुर्यंत्र ख्रिस्ती माणसांवर वापरायला मनाई केली, वापर थांबला नाही. १५१७ मध्ये सम्राट मॅक्सिमिलियनने चाकाच्या चापाच्या बंदुकांवर बंदी घातली, कारण पेटती वात न लागणारं हे हत्यार झग्याखाली लपवता येई. काही दशकांत तेच पिस्तूल घोडदळांचं नेहमीचं शस्त्र झालं. रस्त्यावरच्या माणसाला बंदी आणि शस्त्रागाराला मोकळं रान, असा तो कायदा होता.

आणि ही विद्या कोणाच्या कुंपणात राहणारी नव्हती. १५०२-०३ च्या सुमारास पोर्तुगीजांच्या ताफ्यातून आलेले मिलानचे दोन ओतारी कालिकतला तिथल्या राजाच्या, सामुतिरीच्या, चाकरीत शिरले. वार्थेमा या इटालियन प्रवाशाने त्यांना तिथे पाहिलं आणि त्यांनी चारपाचशे लहानमोठ्या तोफा करून दिल्याचं लिहून ठेवलं. आकडा फुगवलेला असेल, पण प्रकार खरा. पुढे परत जाण्याच्या खटपटीत दोघेही मारले गेले. आपल्याकडे अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, १५४९ मध्ये महंमद बिन हसन रूमीने निजामशाहीसाठी मुलूखमैदान तोफ ओतली. नावातलं ‘रूमी’ तुर्कांच्या मुलखाकडे बोट दाखवतं. वजन पन्नास टनांच्या वर, तोंड सिंहाच्या जबड्याचं आणि जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. परांड्याच्या किल्ल्यातून १६३२ मध्ये ती विजापूरला गेली, अजून बुरुजावर आहे, आणि दणदणीत बोलणाऱ्या पुढाऱ्याला आपण अजून तिचंच नाव देतो. तार्तालियाने मनात आखलेली ख्रिस्ती आणि तुर्क ही रेघ ओतशाळेच्या भट्टीला कधी दिसलीच नाही.

हे सगळं आज का उगाळायचं? कारण आज आपण विकणाऱ्यांच्या रांगेत आहोत. भारताची संरक्षण निर्यात २०२३-२४ मध्ये २१,०८३ कोटी रुपयांची होती, २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटींची झाली. महाराष्ट्राचा यातला वाटा जुना आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. वरणगाव, भंडारा, अंबरनाथ ही नावं त्याच यादीतली. पुण्याच्या पाषाणमधल्या प्रयोगशाळेत पिनाक रॉकेट आकाराला आलं. आपल्या ओळखीच्या घरांतली मुलं-मुली तिथे काम करतात, आणि मला त्यात गैर काही वाटत नाही. शेजार पाहता हत्यार लागतं. तोफ नसलेल्या शहराचं काय होतं, हे ब्रेशाच्या त्या पोराने तोंडावर वागवलं.

पण विकलेलं कुठे जातं? सप्टेंबर २०२४ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली की भारतात बनलेले तोफगोळे इटली आणि चेक प्रजासत्ताकामार्गे युक्रेनच्या रणांगणात पोचले. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने ती बातमी खोडसाळ ठरवली. खरं काय ते तुम्ही-आम्ही ठरवू शकत नाही, कारण ठरवायला लागणारी वही आपल्यापुढे नाही. एकूण आकडा अभिमानाने जाहीर होतो. कोणती वस्तू, किती, कोणत्या देशाला, शेवटचा वापरणारा कोण, हे एका जागी वाचायला मिळत नाही. शस्त्रव्यापारावरचा २०१३ चा आंतरराष्ट्रीय करार मताला आला तेव्हा भारत तटस्थ राहिला, आणि त्यावर आपण सहीही केलेली नाही. निर्यातदारांना झुकतं माप आहे, दहशतवाद्यांना रोखण्याची भाषा पुचाट आहे, हे आपले आक्षेप बिनबुडाचे नाहीत. पण करार नको म्हटलं म्हणून घरचा हिशेब घरच्यांना दाखवायला कोणी अडवलेलं नाही.

असा हिशेब चालतो का? रासायनिक अस्त्रांच्या बाबतीत बऱ्यापैकी चालला. १९९३ च्या करारात वैज्ञानिकांच्या शपथा नाहीत, रसायनांच्या याद्या आहेत. पेनाच्या शाईत लागणारं थायोडायग्लायकॉल मस्टर्ड वायूच्या उत्पादनातही लागतं, म्हणून ते यादीत आहे. कारखान्याने आकडे द्यायचे, तपासनीस येऊन पाहणार. भारताने १९९७ मध्ये आपला साठा जाहीर केला आणि २००९ पर्यंत तो नष्ट केला. सीरियात हा करार मोडला गेला, हे मान्य. पण मोडला हे कळलं, सिद्ध करता आलं, ते वही होती म्हणूनच.

स्वयंचलित शस्त्रांवर जिनिव्हात २०१४ पासून बोलणी चालू आहेत, आणि तिथे अजून मुख्यतः रणगाड्याच्या चित्रावर चर्चा होते : स्वतः विचार करून मारणारा यंत्रमानव कसा असेल, त्याची व्याख्या काय. तोवर युक्रेनच्या मैदानात बाजारात मिळणाऱ्या मोटरी, कॅमेरे आणि बॅटऱ्या जोडून केलेले स्वस्त ड्रोन माणसं मारताहेत. आजचा सोरा तो आहे. कोणत्या प्रयोगशाळेत कोणाचं मन खातंय यापेक्षा त्या मोटरी कोणाच्या गोदामातून कुठे निघाल्या, हे विचारणं जास्त उपयोगाचं आहे.

जर्मनी आणि स्वीडन दरवर्षी आपल्या शस्त्रनिर्यातीचा देशवार अहवाल प्रसिद्ध करतात. त्यात पळवाटा आहेत, पण खासदाराला बोट ठेवायला ओळ मिळते. आपल्या संसदेतही असा अहवाल दरवर्षी यावा, वस्तू आणि देश यांसकट, आणि तो संकेतस्थळावर राहावा. ज्या खरेदीदाराचं नाव सामरिक कारणाने लपवायचं असेल, तिथे तेवढंच झाकावं आणि झाकल्याचं लिहावं. गिऱ्हाईक बिचकेल म्हणणाऱ्यांनी एवढंच पाहावं की असे अहवाल काढणारे हे दोन्ही देश अजूनही जगाला शस्त्रं विकताहेत, आणि त्यांचं गिऱ्हाईक तुटलेलं नाही.